तिच्या आधी आलेली मुलं

जून महिन्यात आमच्या बालवाडीवरून जाणाऱ्याला वाटावं, आत पोरांना झोडपून काढताहेत की काय. एकानं गळा काढला की दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा, आणि ज्यांना रडायचं मुळीच नव्हतं तेही मागे राहायला नको म्हणून सामील. सुरतेत, भेस्तानच्या आमच्या वस्तीत मंडळानं बांधलेली पत्र्याची एक लांबट खोली होती. गणपतीत तिथं मूर्ती बसायची, एरवी आम्ही बसायचो. शिकवायला मी आणि मदतीला एक मावशी, वर्ध्याकडची, तोंडानं फटकळ पण पोरांची नाकं पुसायला सगळ्यांत पुढे. मुलं आमच्यासारख्याच घरांतली. कुणाचे आईबाप धुळे-जळगावकडचे, कुणाचे परभणीचे, कुणाचे अकोल्याचे, सगळे कापडाच्या लूमवर नाहीतर बांधकामावर पोटासाठी आलेले.

पहिल्या आठवड्यात मला मुलांचा राग कधी आला नाही. राग यायचा तो त्यांच्या आयांचा. पोराला सतरंजीवर बसवायचं, "तो बघ, पंख्यावर चिमणी बसली" म्हणायचं, आणि पोरानं मान वर केली की चपला हातात घेऊन पसार व्हायचं. मान खाली येते तर आई गायब. मग ते पोर किंचाळत दाराकडे धावायचं. मी त्या बायांना गल्लीच्या तोंडाशी गाठून परत आणायची. "सांगून जा. रडू दे त्याला, आम्ही आहोत बघायला. पण तोंडावर सांगून जा, मी जाते, दुपारी येईन." बायांना हे काही पटत नसे. दुखतंय तिथंच बोट घालायला सांगणारी ही कसली बाई, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. एकीनं तर मला सरळ विचारलं, "बेन, तुम्हाला स्वतःचं लेकरू नाही का?"

"आहे," मी म्हणाले. "गावाला आहे."

ती आत जाऊन पोराला सांगून आली.

माझी मुलगी तेव्हा अमळनेरजवळ आमच्या गावी, सासूबाईंजवळ होती. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत रिकामी झाली तशी आमचीही खोली रिकामी झाली. ताप्ती लाइनच्या गाडीत तिला खिडकीतून आत दिली आणि मग आम्ही दोघं कसेबसे चढलो. साथ सरली, कारखाने सुरू झाले, शेठनं निरोप धाडला, आणि आम्ही परत आलो. ती तिथंच राहिली. तिला खोकला होता, आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं, म्हणजे कारखाना होता, दिवसरात्र धडधड आणि हवेत सुताची बारीक कूस, तंतूंचा भुसा. ह्यांची लूमवरची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. सगळ्यांनी मिळून ठरवलं, मीही होकार दिला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं प्रत्येकजण म्हणत होता. थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीत गेले तेव्हा मी विषय काढला. सासूबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "आनि पोरले ठेवशी कोठे? लूममा?"

त्यांचं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला जास्त लागलं. मला उत्तर हवं होतं, आणि मंडळानं बालवाडी काढायचं ठरवून बारावी झालेली बाई शोधायला सुरुवात केली तेव्हा ते उत्तर माझ्या दारात चालून आलं. बालवाडीच्या बाईचं पोर बालवाडीत बसणार, ह्याला कोण नाही म्हणेल? लोकांना वाटलं, मला शिकवायची फार हौस. हौस वगैरे काही नव्हती. माझी मुलगी जिथं दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहील अशी एक खोली मला ह्या शहरात हवी होती. सासूबाईंनी निरोप पाठवला, आधी एक वर्ष चालवून तर दाखव. म्हणून ते पहिलं वर्ष मी तिच्याशिवाय, तिच्यासाठी चालवलं.

नव्या मुलाला बालवाडीत काय शिकवायचं असतं, असं कुणी विचारलं तर लोक म्हणतील अ आ इ ई. कुठलं काय! पहिले दोन महिने जातात ते पायातल्या चपला कुठं काढून ठेवायच्या ह्यात. मी दाराबाहेर खडूनं पावलांच्या जोड्या काढल्या. प्रत्येकानं आपली चप्पल एका जोडीवर ठेवायची. मुलांना हे इतकं आवडलं की काहीजण चपला ठेवून, पुन्हा घालून, पुन्हा ठेवायला लागले, आणि जे अनवाणी यायचे ते खडूच्या पावलांवर स्वतःचेच पाय ठेवून उभे राहायला लागले. त्यांना आत कसं आणायचं हा एक वेगळाच प्रश्न होऊन बसला.

नळ गल्लीच्या पलीकडे होता. तिथंवर मुलांना न्यायचं म्हणजे मेंढरं हाकणंच. मग मी साड्यांच्या कापून टाकलेल्या किनारी आणल्या, त्यांचा जाड दोर वळला आणि हातहातभर अंतरावर गाठी मारल्या. एका गाठीला एक मूल. गाठ सुटली की आगगाडी थांबली. प्लेगनंतर आमच्या भागात हात धुण्याचं भलतंच वेड आलं होतं, कॉर्पोरेशनची माणसं गटारांच्या कडेनं पांढरी पावडर मारत हिंडायची, त्यामुळे पोरांना त्या दोराला धरून हात धुवायला जाणं ही मोठी कामगिरी वाटायची. दोर करताना मी मुलांपेक्षा एक गाठ जास्त मारली होती. मावशीच्या ते लगेच लक्षात आलं. ती त्या रिकाम्या गाठीला स्वतः धरून चालायला लागली.

सगळ्यांत मोठी फजिती झाली ती शांत बसायला शिकवताना. शाळेत आम्हाला जे शिकवलं होतं तेच मी शिकवणार. हाताची घडी, तोंडावर बोट. ही मुलं घरात बोलायची नाहीत, ओरडायची. लूमच्या शेजारी राहणाऱ्याला दुसरा आवाज माहीतच नसतो. म्हणून मला वाटलं, आधी शांतता. पोरं गुणी होती, त्यांनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. खोली एकदम चिडीचूप झाली. मी खूश होऊन मावशीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या एकाचा ओठ थरथरला. बघता बघता सगळा वर्ग रडायला लागला.

"आता यायले काय झालं बाप्पा?" मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग घरी लाईट गेली असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीपलीकडचे लूम थांबले आणि शेजारच्या खोलीतलं झोपलेलं तान्हं दचकून उठलं. ह्या मुलांच्या कानाला शांतता कधी भेटते? लाईट जाते तेव्हा. अंधार होतो, पंखा थांबतो, बाप चिडतो तेव्हा. आणि प्लेगच्या दिवसांत सगळी खाती एकदम बंद पडली होती, तेव्हा. मलाही ती शांतता आठवली. तशा शांततेतच मी माझ्या मुलीचे कपडे पिशवीत भरले होते. मग ह्या पोरांना कशी मानवावी ती?

तेव्हापासून तोंडावर बोट बंद. मी कारखान्यातून सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिन मागून आणल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. सकाळी आल्यावर सगळ्यांनी बॉबिन जमिनीवर हळूहळू आपटायची, खटखट खटखट, सगळ्यांची एका तालात. पाचेक मिनिटांत पोरं अशी निवायची की दोघंतिघं पेंगायलाच लागायची. त्या तालावरच आम्ही प्रार्थना म्हणायचो. मंडळाचे एक काका एकदा बघायला आले आणि म्हणाले, "बालवाडी आहे की खातं?" मी म्हटलं, "काका, मुलं रडत नाहीत ना? मग झालं तर."

बोलायचंही मी त्यांच्याकडूनच शिकले. लूमवर माणसं हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे म्हणजे पाणी, मिशीवरून बोट म्हणजे शेठ आला. पोरांना हे सगळं पाठ होतं. करंगळी म्हणजे काय ते तर साऱ्या जगाला माहीत आहे. मी त्यात आणखी भर घातली. तळहात खाली म्हणजे बसा, दोन्ही हात वर म्हणजे डबा उघडा. काही दिवसांत आमचा वर्ग न ओरडता चालू लागला. डब्यात कुणाची कळण्याची भाकरी असायची, कुणाचे कागदात बांधलेले खमण. डबा सगळ्यांनी एकदम उघडायचा आणि शेजाऱ्याला एक घास द्यायचा, हा नियम. त्यावरून "बेन, ए मने नथी आपतो" पासून "माले बी दे ना वं" पर्यंत सगळ्या भाषांत भांडणं व्हायची.

ही सगळी शिस्त लावताना माझं एक मन गावाला असायचं. वर्गात एक मुलगी होती, माझ्या मुलीच्याच वयाची. दिवाळीच्या आधी मी तिला जवळ बोलावून, दोन्ही हात पसरायला लावून तिचं माप घेतलं आणि त्या मापाचा फ्रॉक शिवला. गावी नेला तर तो माझ्या मुलीच्या काखेतच अडकला. "सुरतनं माप आठे चालत नही," सासूबाई हसून म्हणाल्या. त्यांच्या दुधातुपावर पोर अंगानं भरली होती, खोकला पार गेला होता. मी हसले. परत येताना गाडीत तो फ्रॉक मांडीवर घेऊन बसले आणि बारडोली येईपर्यंत रडत होते. समोरच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

ती माझ्याजवळ यायची नाही असं नव्हतं. यायची, बाजूला उभी राहायची, बांगड्या मोजायची. पण मला ती कुठलीच हाक मारत नसे. काही हवं असलं की "मोठीमाय" म्हणून सासूबाईंना आरोळी. मला ते ऐकू आलं की मी उगीच काहीतरी निवडायला घ्यायची, तांदूळ नाहीतर मेथी.

मग आली आखाजी, आमच्याकडची अक्षय तृतीया. खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी जातात, झोके खेळतात. मी त्या वर्षी माहेरी एक रात्र राहिले आणि सासरी पळाले. अंगणात बसून मी सासूबाईंना सगळं सांगितलं, बालवाडी, चपलांची पावलं, दोर, बॉबिन, सगळं. वर्ष नीट पार पडलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी बी येसू संगे. दखसू. रमनी ते ऱ्हाई. नही रमनी ते मी परत ली जासू, आनि मंग पहिलीलगून तू नाव काढू नको."

पहिलीपर्यंत म्हणजे आणखी दोन वर्षं. मी कबूल केलं. न करून करते काय.

जूनमध्ये त्या दोघी आल्या. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर माझ्या मुलीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. लूम चालू होते. मला ते ऐकूही येत नव्हते, इतकी सवय झालेली. तिनं मात्र आजीच्या पदरात तोंड खुपसलं आणि जेवायलाही हात खाली घेईना. आजीनं भरवलं. ह्यांनी खिडकीला गोधडी लावून पाहिली. त्यानं काय होणार होतं? खोली गरम झाली तेवढीच.

बालवाडीत नेलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागलेला. वर्षभर नव्या मुलांना मी ज्या गोष्टी तिच्या आठवणीनं शिकवल्या, त्या आता तिला शिकवायच्या होत्या. आणि काय आश्चर्य, तिला शिकवावंच लागलं नाही. चपला खडूच्या पावलांवर बरोबर ठेवल्या, डावी डाव्यावर, उजवी उजव्यावर. दोराची गाठ घट्ट धरली. डबा सगळ्यांबरोबर उघडला, शेजारच्या मुलाला भाकरीचा तुकडा दिला आणि त्याचं तोंड उघडून खाल्ला की नाही तेही पाहिलं. नवी आलेली बाकी पोरं हंबरडे फोडत होती आणि ही शहाण्यासारखी बसून होती. सासूबाई बाहेर ओट्यावर बसून मिसरी लावत वस्तीतल्या बायांशी गप्पा मारत होत्या, त्याही खूश. मी तर हवेतच होते. घरी जाऊन ह्यांना म्हटलं, "बघा, माझीच पोर आहे."

एक गोष्ट तेवढी तिनं केली नाही. सकाळी मुलं बॉबिन आपटायला लागली की ती आपली बॉबिन मांडीत ठेवून बसून राहायची. तिला तो आवाज नकोच होता. ती गावात वाढली होती. तिच्या कानाला शांतता म्हणजे दुपारची गोठ्यातली शांतता. सुरतच्या पोरांना निववायला मी जे शोधून काढलं, नेमका त्यानंच माझ्या मुलीला त्रास होत होता. तिच्यासाठी म्हणून मांडलेल्या ह्या बालवाडीत सगळं होतं, आणि ते दुसऱ्यांच्या मुलांच्या मापाचं होतं. मला हे कळलं तेव्हा फार एकटं वाटलं.

मावशी एकदा म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू रडत नाही, मले त्याचंच भेव वाटते."

"रमली ती," मी जरा जोरातच म्हणाले. मला ते खरं व्हायला हवं होतं.

तिकडे गावी पेरणी तोंडावर आली. दीर एकटे. सासूबाईंनी बोचकं बांधलं. "रमनी पोर," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी किती दिवस कान टवकारून बसले होते. पण म्हणताना त्यांनी पाठ फिरवली आणि बोचक्याची गाठ उगाच दोनदा आवळली. त्यांचंही काय होत असेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. मी नसताना पोरीनं त्यांच्याच कुशीत झोप काढली होती. आता त्या रिकाम्या हातानं गाडीत बसणार होत्या.

निघायच्या सकाळी त्या हळूच मला म्हणाल्या, "पोर खेयाले लागनी का मी चुपचाप निंघी जासू. सांगं म्हंजे रडी."

"नही, आत्याबाई. तिले सांगीसन जा."

"अवं, कसाले तिले रडावस?"

"रडू द्या. पन सांगीसन जा."

त्या माझ्यावर रागावल्या. तरी वर्गात आल्या, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, सतरंजीवर पोरांच्या मधोमध बसल्या. माझ्या मुलीचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, "मी आते गावले जास. तू मायजोडे ऱ्हाय. दिवाईले येसू." मुलीनं मान हलवली. आजीनं तिची आलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली आणि उठल्या. दारात त्या अडखळल्या, चपला खडूच्या पावलांवरून घेताना त्यांना एक चप्पल सापडेना. मावशीनं दिली. हे बाहेर उभे होते, त्यांच्याबरोबर त्या स्टेशनला गेल्या.

मुलगी रडली नाही. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बाकीच्यांकडे बघत होते आणि तिच्याकडेच बघत होते. ती दोराला धरून नळावर गेली, हात धुतले, डबा खाल्ला, चित्रात रंग भरला. मला वाटलं, जिंकले. एवढ्या दिवसांचा दगड छातीवरून उतरला. संध्याकाळी तिला बाजारात नेऊ, रिबिनी घेऊ, काय काय मनात येत होतं.

सुट्टी झाली. सुट्टीच्या वेळी आमच्या दारात झुंबड व्हायची. एकदा एक पोर भलत्याच बाईच्या मागे थेट हमरस्त्यापर्यंत गेलं होतं, तेव्हापासून मी नियम केला होता की दप्तर पाठीला लावून जागेवर बसायचं, दाराकडे तोंड करून, आणि आपलं माणूस दारात दिसल्याशिवाय उठायचं नाही. आया येत गेल्या, एकेक मूल उठत गेलं. एकाचा बाप पाळी संपवून आला होता, केसांवर पांढरी कूस तशीच. शेवटचं पोर गेलं. मावशीनं सतरंज्या गुंडाळायला घेतल्या.

माझी मुलगी दप्तर पाठीला लावून बसली होती, दाराकडे तोंड करून.

"चल," मी म्हटलं. "घरी जाऊ."

ती हलली नाही. मला वाटलं, नियम म्हणून बसली असेल. मी हसत हसत बाहेर गेले, चपला घातल्या आणि दारात येऊन उभी राहिले, अशी की तिला नीट दिसावी. हात पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग मान जराशी वाकडी करून माझ्या बाजूनं पलीकडचा रस्ता पाहिला.

"मोठीमाय नही उनी आजून," ती म्हणाली.

मी आत आले, तिच्यापुढे बसले. "मोठीमाय गाडीत बसली ना बाय. सकाळी सांगून गेली तुला. आज नाही यायची."

"माले मालूम शे."

"मग?"

"तरी मी बठसू."

मावशी हातातली सतरंजी तशीच धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला तिचाही राग आला. मी तिला म्हटलं, किल्ली ठेवा आणि तुम्ही जा. ती गेली. मला वाटत होतं पोरीला उचलावं, उराशी घट्ट धरावं, पळत घरी न्यावं. सकाळीच गेलेल्या गाडीमागे धावत जावं आणि दोघींना एकमेकींच्या हवाली करावं, असंही वाटत होतं. ह्यातलं काहीच केलं नाही. तिनं जे सांगितलं ते मला इतकं ओळखीचं होतं की त्याच्यापुढे माझी बालवाडीची सगळी विद्या तोकडी पडली. येणार नाही हे पक्कं माहीत असताना वाट बघणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीही रोज दुपारी, ही सगळी पोरं गेली की, ह्याच खोलीत अशीच बसायची.

मी चपला पुन्हा बाहेर काढल्या आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले, तिच्यासारखीच दाराकडे तोंड करून. रस्त्यावरून गाठोडी लादलेला टेम्पो गेला, भाजीवाली गेली, कुणीतरी डोकावून "बेन, अजून घरी नाही गेलात?" म्हणून गेलं. ती प्रत्येकाकडे बघत होती.

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तू कोनी वाट दखस?"

एवढ्या मोठ्या बाईनं इथं बसून कोणाची वाट बघावी, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

"तुन्ही वाट," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग पुन्हा दाराकडे पाहिलं. ती उठली नाही. मीही उठले नाही.